बायबलचं शिक्षण घ्यायचंय? आधी तीन मान्यता समजून घ्या

बारावीचा निकाल लागला की वडाळा, अँटॉप हिल, शीव कोळीवाडा या पट्ट्यातल्या ख्रिस्ती कुटुंबांत एक प्रश्न हमखास निघतो: सेवेत यायचं तर शिकायचं कुठे? विचारणारे मात्र निरनिराळे असतात. एखादा एसआयडब्ल्यूएसमधून बीकॉम करत असतो आणि त्याला पाळक व्हायचं असतं. एखादी ताई गेली काही वर्षं संडे स्कूल घेत असते, मुलांचे प्रश्न वाढलेत म्हणून तिला बायबल नीट शिकायचं असतं. कुणी काका नोकरीतून निवृत्त झालेले असतात आणि हॉस्पिटलमध्ये आजाऱ्यांसाठी प्रार्थनेला जातात. या सगळ्यांना मिळणारा सल्ला एकच: ‘पुण्याला जा’, नाहीतर ‘ऑनलाइन कर, सर्टिफिकेट मिळतं.’

घोळ इथेच सुरू होतो. कॉलेज कुठलं, हा पहिला प्रश्न नाहीच. शिकून झाल्यावर तुम्हाला सेवेला कोण घेणार आणि तो तुमच्याकडे कुठला कागद मागणार, हे आधी कळायला हवं. ते कळलं की कॉलेज निवडणं बरंच सोपं होतं.

आधी हे ठरवा: शिक्षण कशासाठी?

खालच्यापैकी तुमचं उत्तर कुठलं, ते कागदावर लिहा. दोन असतील तर दोन्ही लिहा, पण पहिलं कोणतं ते ठरवा.

- दीक्षित पाळक किंवा धर्मगुरू व्हायचंय. इथे शेवटचा शब्द तुमच्या मंडळीचा किंवा धर्मप्रांताचा. त्यांनी पाठवल्याशिवाय मिळवलेली पदवी पुढे अडून राहू शकते.
- सेमिनरीत शिकवायचंय. बीडी (बॅचलर ऑफ डिव्हिनिटी) किंवा तिच्या बरोबरीची पदवी, तिच्यावर एमटीएच (मास्टर ऑफ थिऑलॉजी), पुढे डॉक्टरेट. वाट लांबची आहे, म्हणून पहिली पायरी चुकवू नका.
- संडे स्कूल, कॅटेकिझम, तरुणसंघ, बायबल अभ्यासगट चालवायचाय. पदवीची गरज नाही. पत्राद्वारे किंवा संध्याकाळचा अभ्यासक्रम पुरतो.
- रुग्णालयात किंवा समुपदेशनात काम करायचंय. बायबलच्या ज्ञानाबरोबर वेगळं प्रशिक्षण लागतं. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये रुग्णसेवेचं असं प्रशिक्षण मिळतं.
- शाळेत शिक्षक व्हायचंय. त्यासाठी डीएलएड किंवा बीएडच हवं. ख्रिस्ती संस्थेची शाळा असली तरी ईश्वरविज्ञानाची पदवी त्या जागी चालत नाही.
- स्वतःच्या श्रद्धेसाठी शिकायचंय. मग मान्यतेची चिंता सोडा आणि शिकवणारे कोण आहेत ते पाहा.

तीन मान्यता, तीन वेगळी दारं

‘आमची संस्था मान्यताप्राप्त आहे’ हे वाक्य ऐकलं की लगेच विचारा, ‘कुणाची मान्यता?’ कारण मान्यता तीन प्रकारची असते आणि एक मिळाली म्हणून दुसरी आपोआप मिळत नाही.

1. मंडळीची मान्यता. तुमचा बिशप, धर्मप्रांत किंवा पंथाची समिती कुठल्या संस्थेची पदवी दीक्षेसाठी धरते, तो हा प्रश्न आहे. उत्तर पंथागणिक बदलतं.

2. धर्मशिक्षणातली मान्यता. प्रोटेस्टंट जगात भारतभर चालणारं नाव म्हणजे सेरामपूर. विल्यम केरी, जोशुआ मार्शमन आणि विल्यम वॉर्ड यांनी १८१८ मध्ये बंगालमध्ये हे कॉलेज काढलं. १८२७ मध्ये डेन्मार्कच्या राजाने त्याला पदव्या देण्याची सनद दिली आणि १९१८ च्या सेरामपूर कॉलेज कायद्याने तो अधिकार पक्का केला. आज देशातल्या अनेक सेमिनऱ्या सेरामपूरच्या सिनेटला संलग्न आहेत. शिकवतं स्थानिक कॉलेज, पदवी देतं सिनेट. एशिया थिऑलॉजिकल असोसिएशन, म्हणजे एटीए, ही दुसरी ओळखीची मोहर. अनेक इव्हँजेलिकल संस्था ती घेतात. ती धर्मशिक्षण देणाऱ्या संस्थांनी आपसात उभारलेली व्यवस्था आहे, सरकारी नव्हे. कॅथलिकांमध्ये हा अधिकार रोमकडून येतो.

3. सरकारी मान्यता. १९५६ च्या यूजीसी कायद्याच्या कलम २२ नुसार पदवी देण्याचा अधिकार कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठाला, अभिमत विद्यापीठाला किंवा संसदेने खास अधिकार दिलेल्या संस्थेलाच असतो. सरकारी नोकरी, सरकारी शिष्यवृत्ती, दुसऱ्या विद्यापीठात एमएचा प्रवेश, या ठिकाणी हीच मान्यता पाहतात.

पाळक व्हायला पहिल्या दोन मान्यता लागतात. स्पर्धा परीक्षेला बसायला तिसरी लागते. दोन्ही दारं उघडी ठेवायची असतील तर दोन्हींची सोय सुरुवातीलाच करा.

प्रोटेस्टंट मंडळ्यांतून येणाऱ्यांसाठी

चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, म्हणजे सीएनआय, २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात स्थापन झालं आणि काँग्रिगेशनल, अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन अशा वेगवेगळ्या परंपरांच्या मंडळ्या त्यात एकत्र आल्या. मुंबईतल्या अनेक जुन्या मराठी मंडळ्या याच छताखाली आहेत. तुम्ही सीएनआय, मेथॉडिस्ट किंवा अशाच जुन्या पंथाचे असाल तर क्रम असा ठेवा:

- आधी स्वतःच्या पाळकांना भेटा. बाप्तिस्मा आणि दृढीकरणाचे दाखले काढून ठेवा. मंडळीत काही काळ प्रत्यक्ष काम करा. शिफारसपत्र त्यावरच मिळतं.
- मग धर्मप्रांताच्या निवड समितीपुढे जा. ‘प्रायोजित उमेदवार’ म्हणून नाव लागलं तर फीचा भार हलका होऊ शकतो आणि शिक्षण संपल्यावर नेमणुकीची शक्यता वाढते.
- त्यानंतर कॉलेज. जवळचं केंद्र पुणेच. बिबवेवाडीतली युनियन बिब्लिकल सेमिनरी १९५३ मध्ये यवतमाळला सुरू झाली आणि १९८३ मध्ये पुण्यात आली. तिथे शिकायचं तर इंग्रजीची तयारी हवी. मराठी मंडळ्यांसाठी पाळक घडवणारी युनायटेड थिऑलॉजिकल सेमिनरीही पुण्यातच आहे. मेथॉडिस्ट घरांतली मुलं जबलपूरच्या लिओनार्ड थिऑलॉजिकल कॉलेजचाही विचार करतात.

सेरामपूरच्या पदव्यांमध्ये बीटीएचला (बॅचलर ऑफ थिऑलॉजी) बारावीनंतर जाता येतं. बीडी ही पाळकपणाची मुख्य पदवी. इतर विषयाच्या पदवीधरांना तिला साधारण चार वर्षं लागतात, बीटीएच झालेल्यांना कमी. एमटीएच बीडीनंतर. हातात बीकॉम असेल तर बहुतेकांना थेट बीडीच योग्य ठरते, कारण नागरी पदवी तुमच्याकडे आधीच आहे.

मुलींसाठी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. सीएनआयमध्ये स्त्रियांना दीक्षा मिळते, म्हणून ‘मुलीला बीडी करून काय उपयोग’ असं कुणी म्हटलं तर ऐकू नका. पण सगळे पंथ तसे नाहीत. तुमचा पंथ काय म्हणतो, हे प्रवेशाआधीच विचारा.

स्वतंत्र आणि पेंटेकोस्टल मंडळ्यांत बहुतेकदा पदवीपेक्षा ज्येष्ठ पाळकाचा शब्द मोठा असतो. तिथून येणाऱ्यांनी एक शक्यता लक्षात ठेवावी: उद्या पंथ बदलला, किंवा दुसऱ्या शहरात शिकवायची संधी आली, तर घरगुती बायबल स्कूलचं प्रमाणपत्र तिथे मोजलं जाईलच असं नाही.

कॅथलिक घरांसाठी

इथे वाट धर्मग्रामापासूनच सुरू होते. आधी पॅरिश प्रीस्टना भेटा, मग धर्मप्रांताच्या किंवा संघाच्या पाचारण संचालकांना. कॉलेजात थेट अर्ज भरून धर्मगुरू होता येत नाही.

- मुंबई महाधर्मप्रांताची सेमिनरी म्हणजे गोरेगाव पूर्वेचं सेंट पायस टेन्थ कॉलेज. वडाळा रोडवरून हार्बरची गोरेगाव गाडी थेट जाते, त्यामुळे आधी जाऊन पाहून, बोलून येणं अवघड नाही.
- पुण्याचं ज्ञानदीप रोमच्या मान्यतेचं. त्याची परंपरा १८९३ मध्ये श्रीलंकेतल्या कँडी इथे सुरू झालेल्या पेपल सेमिनरीपर्यंत जाते. ती १९५५ मध्ये पुण्यात आली. तत्त्वज्ञान आणि ईश्वरविज्ञानाचे अभ्यासक्रम तिथे चालतात आणि सिस्टर्स आणि प्रापंचिक विद्यार्थीही शिकतात.
- किती वर्षं? चर्चच्या कायद्यानुसार तत्त्वज्ञान आणि ईश्वरविज्ञान मिळून किमान सहा वर्षं. त्यात पूर्वतयारी आणि प्रत्यक्ष सेवेचा काळ धरला तर मुक्काम आणखी लांबतो. डीकनच्या दीक्षेसाठी, धर्मगुरू होणाऱ्याला, किमान २३ आणि धर्मगुरूपदासाठी किमान २५ वर्षं वय लागतं.
- प्रापंचिकांसाठी धर्मप्रांत धर्मशिक्षणाचे वर्ग घेतात. त्यांची माहिती पॅरिश ऑफिसात किंवा रविवारच्या पत्रकात मिळते. बंगळुरूचं एनबीसीएलसी हे केंद्र १९६७ पासून बायबल, धर्मशिक्षण आणि उपासनाविधी यांवर काम करतं.

रोमच्या अधिकाराने मिळालेली पदवी चर्चमध्ये जगभर चालते. नागरी पदवीच्या जागी ती धरायची की नाही, हे ते ते विद्यापीठ ठरवतं. एवढ्यासाठी अनेक सेमिनेरियन शिकता शिकता मुक्त विद्यापीठातून बीएही करतात.

नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांसाठी

वसतिगृहात राहणं जमणार नसेल तर तीन पर्याय आहेत.

- सेरामपूरचे बाह्य अभ्यासक्रम. पदविका आणि बीसीएससारख्या (बॅचलर ऑफ ख्रिश्चन स्टडीज) पदव्या घरी अभ्यास करून घेता येतात. बायबलशिक्षक, चर्चचे पंच आणि लेखनाची आवड असणारे यांना हे सोयीचं. पण बीसीएस म्हणजे बीडी नव्हे. पुढे दीक्षेचा विचार असेल तर धर्मप्रांताला ती चालते का, हे लेखी विचारा.
- विद्यापीठातला अभ्यास. मद्रास विद्यापीठात ख्रिस्ती अध्ययनाचा स्वतंत्र विभाग आहे. औंधचं स्पायसर ॲडव्हेंटिस्ट विद्यापीठ २०१४ च्या राज्य कायद्याने स्थापन झालेलं आहे. तिथलं धर्मशिक्षण ॲडव्हेंटिस्ट परंपरेतलं आहे, हे लक्षात घेऊन निर्णय करा.
- जोडीला नागरी पदवी. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ किंवा इग्नू इथून बीए करता येतं. एका वेळी दोन शैक्षणिक अभ्यासक्रम करायला यूजीसीने एप्रिल २०२२ मध्ये परवानगी दिली आहे, त्याच्या अटी वाचून घ्या.

बारावीनंतर सेमिनरीत जाणाऱ्या प्रत्येकाने हा तिसरा पर्याय मनावर घ्यावा. काही वर्षांनी आपली वाट वेगळी आहे असं उमगून बाहेर पडणं यात लाजण्यासारखं काही नाही. पण त्या वेळी हातात बारावीचाच कागद असेल तर वडाळ्यात परत येऊन नोकरी शोधणं फार कठीण जातं.

आत्मिक घडण: माहितीपत्रकात न दिसणारा भाग

ग्रीक-हिब्रू, चर्चचा इतिहास, उपदेशशास्त्र हे विषय माहितीपत्रकात दिसतात. तुमचं प्रार्थनाजीवन कोण पाहणार, हे तिथे क्वचितच लिहिलेलं असतं. भेट द्याल तेव्हा हे विचारा:

- सकाळ-संध्याकाळची उपासना रोज होते का? विद्यार्थी ती स्वतः चालवतात का?
- प्रत्येकाला आत्मिक मार्गदर्शक मिळतो का? तो गुण देणाऱ्या प्राध्यापकांपैकीच असतो का?
- रविवारची प्रत्यक्ष सेवा कुठे असते: झोपडपट्टीत, रुग्णालयात, की फक्त चर्चच्या वेदीवर?
- मन खचलं तर समुपदेशक उपलब्ध आहे का?

सेमिनरीत पाऊल टाकण्याआधी एक एकांत साधना करून पाहा. कॅथलिक परंपरेत इग्नेशियन पद्धतीच्या आठ दिवसांच्या रिट्रीट असतात. मुंबईत जन्मलेले जेझुइट अँथनी डिमेलो यांनी सुरू केलेली साधना इन्स्टिट्यूट लोणावळ्यात आहे. प्रोटेस्टंट आणि अँग्लिकन परंपरेतून जॅक विन्स्लो यांच्या पुढाकाराने उभा राहिलेला ख्रिस्तप्रेमसेवा आश्रम पुण्यात शिवाजीनगरला आहे. आठ दिवस मौनात राहणं जमत नाही असं कळलं, तरी तेही अर्ज भरण्याआधी कळलेलं बरं.

मराठीचं काय?

बहुतेक वरचं शिक्षण इंग्रजीत होतं आणि उपदेश मात्र मराठीत करायचा असतो. चार वर्षांनी परतलेला पाळक वेदीवर उभा राहून अर्धं इंग्रजी बोलतो, अशी तक्रार मंडळीत ऐकू येते ती यामुळेच. यावर उपाय तुमच्याच हातात आहे.

- कॉलेजात कोणता अभ्यासक्रम मराठीतून चालतो आणि उत्तरपत्रिका मराठीत लिहिता येते का, हे स्पष्ट विचारा.
- बायबलची दोन मराठी भाषांतरं शेजारी ठेवून वाचायची सवय लावा. अमेरिकन मिशनने मराठी नवा करार १८२६ मध्ये छापला, पंडिता रमाबाईंचं संपूर्ण बायबल १९२४ मध्ये आलं आणि आपल्या काळात फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी ‘सुबोध बायबल’ केलं. शब्द कसे बदलत गेले ते पाहिलं की बोलताना शब्द शोधावे लागत नाहीत.
- फादर स्टीफन्स यांचं ‘ख्रिस्तपुराण’, नारायण वामन टिळकांच्या रचना, लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ यांना अभ्यासक्रमात जागा असो वा नसो, तुम्ही वाचा. टिळकांनी अहमदनगरच्या सेमिनरीत शिकवलं आणि अभंग-ओवीतून लिहिलं. मराठी पाळकाला याहून चांगला आदर्श कुठे मिळणार?

लोक इथे फसतात

1. ‘युनिव्हर्सिटी’ नावाची पाटी. कायद्याने विद्यापीठ नसलेल्या संस्थेला हा शब्द नावात वापरता येत नाही (कलम २३). यूजीसी बोगस विद्यापीठांची यादी प्रसिद्ध करते आणि तिच्यात बायबल आणि ख्रिस्ताचं नाव लावणाऱ्या संस्थाही आलेल्या आहेत. पैसे भरण्याआधी यादी पाहा.
2. हॉटेलच्या सभागृहात मिळणारी मानद डॉक्टरेट. देणगी घ्यायची, झगा घालायचा, फोटो काढायचा. अशी ‘डॉक्टरेट’ नावापुढे लावली की मंडळीतल्या जाणत्यांचा विश्वास मात्र जातो.
3. ‘अमेरिकेची मान्यता’. परदेशी मोहर दाखवली तर संस्थेचं पूर्ण नाव, तिला अधिकार देणारी यंत्रणा आणि भारतातली समकक्षता, तिन्ही विचारा.
4. पदवी मिळाली म्हणजे लग्नं लावता येतात, हा समज. १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्यात विवाह लावण्याचा अधिकार कुणाला आहे ते ठरवून दिलं आहे. एपिस्कोपल दीक्षा मिळालेल्यांना तो असतो, स्वतंत्र मंडळ्यांच्या सेवकांना सरकारी परवाना लागतो. परवान्याशिवाय लावलेल्या लग्नाचा त्रास त्या जोडप्याला होतो.
5. न वाचता सही केलेला करारनामा. मंडळी खर्च करते म्हणून काही वर्षांच्या सेवेची अट घालते. अट गैर नाही. पण मध्येच सोडलं तर किती परत करायचं, हे आकड्यात लिहिलेलं असावं.
6. परदेशी मदत. शिक्षणाची शिष्यवृत्ती वेगळी आणि सेवाकार्यासाठी आलेली देणगी वेगळी. दुसऱ्या प्रकारचे पैसे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली नोंदणी असलेल्या संस्थेमार्फतच यायला हवेत. स्वतःच्या बचत खात्यात घेऊ नका.

तुमचे हक्क

- मूळ कागदपत्रं: तपासणीनंतर ती परत मागा. मूळ गुणपत्रिका अडकवून ठेवू नये, असा यूजीसीचा नियम आहे. यूजीसीबाहेरच्या संस्थेतही फक्त साक्षांकित प्रतीच द्या.
- फी: प्रत्येक रकमेची पावती घ्या. प्रवेश रद्द केला तर किती परत मिळेल, हे आधी लेखी घ्या.
- रॅगिंग: महाराष्ट्रात १९९९ पासून कायदा आहे. ‘ही नम्रतेची शिकवण आहे’ असं कुणी म्हटलं तरी छळ तो छळच.
- लैंगिक छळ: २०१३ च्या कायद्यानुसार अंतर्गत समिती हवी. तिच्या सदस्यांची नावं कुठे लावली आहेत ते पाहा. संडे स्कूल घेणाऱ्यांनी पॉक्सो कायदाही समजून घ्यावा. लहान मुलावर अत्याचार झाल्याचं कळलं तर कळवणं बंधनकारक आहे.
- मनातलं गुपित: कॅथलिक सेमिनरीत दीक्षा द्यायची की नाही हे ठरवताना आत्मिक मार्गदर्शकाचं किंवा कबुली ऐकणाऱ्या धर्मगुरूचं मत मागता येत नाही. चर्चच्या कायद्यातच ती मनाई आहे (कॅनन २४०).
- नकाराचं स्वातंत्र्य: दीक्षा स्वेच्छेनेच घ्यायची असते. आईने नवस केला म्हणून सेमिनरीत गेलेल्या मुलालाही ‘नाही’ म्हणता येतं.

अर्ज भरण्याआधीची यादी

1. पाळकांशी किंवा पॅरिश प्रीस्टशी बोलणं झालं आणि ‘कुठली पदवी चालेल’ याचं उत्तर लेखी मिळालं.
2. पदवी देणारी संस्था कुठली, हे संलग्नतेच्या पत्रावर पाहिलं.
3. चालू वर्षाचं माहितीपत्रक हातात आहे. गेल्या वर्षीचं चालणार नाही.
4. एकूण खर्च काढला: फी, मेस, पुस्तकं, सुट्टीतली सेवा, येण्याजाण्याचं भाडं.
5. तिथल्या दोन माजी विद्यार्थ्यांशी बोललो, त्यातला एक शिक्षण अर्धवट सोडलेला.
6. नागरी पदवीची सोय ठरली.
7. घरच्यांना किती वर्षं पैसे येणार नाहीत, हे सांगून झालं.

सातही गोष्टींवर खूण झाली असेल तर दादरहून पुण्याची शिवनेरी पकडा, किंवा गोरेगावची लोकल, आणि कॉलेजात दिवसभर राहून या. एक तास वर्गात बसा, एक उपासना पाहा, मेसमध्ये जेवा. खूण राहिली असेल तर या वर्षीचा अर्ज थांबवा आणि तेवढा काळ मंडळीत काम करा. पुढच्या वर्षी शिफारसपत्र लिहिणाऱ्याला तुमच्याबद्दल लिहायला काहीतरी असेल.